सव्वातीनची पेटी

तुम्हाला म्हणून सांगतो, सुताराशी बोलताना आधी इंच म्हणावं आणि मगच आकडा.

वर्ध्याकडच्या आमच्या रोहणा गावात जुनी कवेलूची घरं पाडून स्लॅब टाकायची लाट आली, तेव्हा आम्हीही कर्ज काढून तीत उडी घेतली, आणि कवेलू नि वाशांच्या फटीत आजोबांच्या काळापासून बिनभाड्याने राहणारं चिमण्यांचं गोकुळ एका उन्हाळ्यात बेघर झालं. "अहो, चिमण्या कुठं गेल्या?" असं सौ.ने मला विचारलं ते अशा सुरात, जणू मी त्या खिशात घालून हिंडत होतो. त्यातच २० मार्च आला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळतात. त्यानिमित्त छापून आलेला लेख मी चहाबरोबर वाचला आणि चहा संपायच्या आत पक्षिमित्र झालो.

लेखात लिहिलं होतं की चिमणीच्या पेटीचं भोक ३२ मिलिमीटर असावं, म्हणजे चिमणी आत जाते आणि साळुंकी बाहेर राहते. शाळेत गणितात पस्तिशी गाठलेला माणूस मी. ३२ मिलिमीटरचे ३.२ सेंटीमीटर केले, सुताराला समजायला सोपं पडावं म्हणून त्याचे सव्वातीन केले आणि आर्वीला जाऊन "सव्वातीनचं भोक पाड" असं ऐटीत सांगून आलो. आता आपल्याकडचा सुतार इंच आणि सूत यांपलीकडची मापं मानत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्याने इमानदारीने सव्वातीन इंच पाडलं. पेटी हातात देताना फक्त एवढंच विचारलं, "भाऊ, केवढी हाय तुमची चिमणी?"

पेटी अंगणातल्या कडुनिंबावर चढवली. भोकाखाली एक दांडीही ठोकून घेतली, पाहुणीला टेकायला. चिमणीला अशा दांडीची गरज नसते, बोक्याला असते, हे ज्ञान मला शेजारच्या बोक्याने त्याच संध्याकाळी दिलं. म्हणून दांडी काढली आणि बोका चढू नये म्हणून खोडाला खालपासून छातीपर्यंत बोराट्या गुंडाळल्या. बंदोबस्त इतका चोख झाला की शेजारी म्हणाले, "काय भाऊ, बँकेचं लॉकर ठेवलं काय वरतं?"

आठवडाभरात पेटीत हालचाल सुरू झाली. साळुंकी! ती आणि तिचा नवरा दिवसभर गवत, चिंध्या, बिस्किटाच्या पुड्याचे कागद आत कोंबत होते, आणि एका दुपारी त्या सव्वातीन इंची भोकातून सापाची शेपटी लोंबताना सौ.ला दिसली. घरात आरडाओरडा, गल्ली गोळा, पुलगावहून सर्पमित्राला बोलावणं, त्याला यायला उशीर म्हणून मी काठी घेऊन सुरक्षित अंतरावर पहारा दिला, आलेल्यांना साप किती मोठा ते हातांनी दाखवलं, आणि प्रत्येक पाहणाऱ्यागणिक तो साप थोडाथोडा वाढत गेला. सर्पमित्र आला, शिडीवर चढला, दोन बोटांनी शेपटी ओढली. कात होती. साळुंक्या घरट्यात सापाची कात घालतात, असं तो खाली उतरून मला म्हणाला, आणि गल्लीही ऐकत होती.

तरी राहवेना. अंडी किती, हे बघायला एका रात्री टॉर्च घेऊन स्वतःच झाडावर निघालो. बोराट्या मीच बांधल्या होत्या, पण पायजम्याला ते माहीत नव्हतं. मला सोडवायला शेजारी कंदील घेऊन आले, वर बघून म्हणाले, "सापडला वाटते बोका!"

आता सव्वातीन इंची भोकाचं काय करायचं? मी तोडगा काढला. वर्धा शहराने २०१८ मध्ये मतदान घेऊन नीलपंखाला शहरपक्षी निवडलं आहे, आणि नीलपंखही झाडाच्या ढोलीतच अंडी घालतो. साळुंकीची पिलं उडून गेल्यावर आल्यागेल्याला मी सांगू लागलो की पेटी मुळात नीलपंखासाठीच होती. नीलपंख आला नाही. पिंगळ्याचं जोडपं येऊन बघून गेलं आणि जाताना रात्रभर भांडून गेलं.

आणि चिमण्या? पुढच्या एप्रिलमध्ये परत आल्या. नवीकोरी, सव्वा इंची, मिलिमीटरशी इमान राखणारी दुसरी पेटी ओसरीवर तयार असताना त्यांनी बैठकीतल्या छताच्या पंख्यावरची वाटी पसंत केली. पंखा बंद करावा लागला. फिरत्या पंख्यात चिमणी सापडली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मग कुलर लावू म्हटलं, तर त्या येत होत्या नेमक्या कुलरच्याच खिडकीतून, म्हणून कुलरही अंगणात गेला. वर्ध्याकडचा मे महिना कसा असतो हे विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही आणि विदर्भातल्यांना सांगायला नको. मी सौ.ला धीर दिला: अंड्यातून पिलू निघायला अकरा ते चौदा दिवस, उडायला साधारण पंधरा, महिन्याभरात पंखा आपला. चिमणी एका हंगामात दोन-तीन वेळा अंडी घालते, हे त्याच लेखाच्या पुढच्या पानावर होतं. सौ.ने पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून वर लिहिलं, 'हात लावू नये'. घरात आम्ही दोघंच राहतो.

तुम्ही पेटी लावणार असाल तर जरूर लावा. भोक सव्वा इंच, इंच हा शब्द मोठ्याने उच्चारून. दांडी नको, आतून रंग नको, पत्र्याची तर मुळीच नको. आठ-दहा फूट उंची, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, म्हणजे दुपारचं ऊन आत शिरत नाही. पिलं उडून गेली की पेटी झाडूनपुसून ठेवा. कधी आर्वी-पुलगावकडे आलात तर आमच्याकडेही या.

उन्हाळ्यात येणार असाल तर हातपंखा मात्र घरून आणा.