घटना नको? मग तह घ्या!

२००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची घटना नाकारली. नेत्यांनी नाव बदललं, बराचसा मजकूर तोच ठेवला आणि लिस्बनचा तह म्हणून ती पुन्हा पानात वाढली. आयर्लंड २००८ साली ‘नको’ म्हणालं, तर २००९ मध्ये त्याला पुन्हा विचारलं!

आमच्या सातारा-सांगलीकडच्या राजेमंडळींना ही युक्ती सुचली नाही. १९४७ मध्ये औंध, फलटण, भोर, सांगली वगैरेंनी दक्षिणी संस्थानांचा संघ जुळवला. (औंधनं प्रजेला घटना १९३९ मध्येच दिली होती, ते निराळं.) नकाशा असा विखुरलेला, की आटपाडी औंधची आणि बेळगावलगतचं शहापूर सांगलीचं. विलीनीकरणाची हाक उठली आणि ८ मार्च १९४८ ला सगळे मुंबई प्रांतात. फेरमतदान कुठलं, मतदानच नाही! राजांना तनखे मिळाले. ब्रुसेल्सला हा तोडगा कुणी कळवला नाही वाटतं.