साष्टी बेटावरचे ट्रेलकर

ट्रेलकर मूळचे चिपळूणचे असतील, वाईचे असतील, नाही तर थेट बेळगावचे. सोमवार ते शनिवार ते मुलुंडचे, बोरिवलीचे, अंधेरीचे किंवा घाटकोपरचे असतात. रविवारी सकाळी साडेसहा ते अकरा एवढ्या वेळात मात्र ते साष्टी बेटाचे असतात. नेचर ट्रेलला नेमाने जाणारा, पन्नाशी ओलांडलेला, बहुधा बँकेतून किंवा विमा कंपनीतून मुदतीआधी निवृत्त झालेला हा गृहस्थ उपनगरांत आता इतका बोकाळला आहे, की बिबट्यांबरोबर एकदा त्याचीही गणना व्हायला हरकत नाही. आडनावं निरनिराळी, पण टोपी एकच. म्हणून आपण सगळ्यांना ट्रेलकरच म्हणू.

या माणसाने आधी लांबची बेटं संपवलेली असतात. अंदमान झालं, श्रीलंका झाली, बालीसुद्धा झाली. दर ठिकाणी टूर कंपनीची टोपी घालून, डोकी मोजून घेत, त्यांनी जंगल पाहिलं आणि दुपारच्या जेवणाआधी गावही पाहिलं. बालीतल्या भातशेताच्या बांधावर उभं राहून त्यांनी काढून घेतलेला फोटो दिवाणखान्यात आहे. गावी स्वतःची भाताची खाचरं गेली काही वर्षं पडीक आहेत आणि त्यावरून चुलतभावाशी बोलणं बंद आहे, तो विषय दिवाणखान्यात निघत नाही. मग केव्हातरी गुडघे कुरकुरले, वहिनींनी विमानात पुन्हा पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं, आणि ट्रेलकरांना शोध लागला की आपण राहतो तेच मुळी एक बेट आहे. तेही उष्ण कटिबंधातलं, जंगल, खाडी, कोळीवाडे, पाडे असं सगळं असलेलं. शिवाय व्हिसा लागत नाही.

हा शोध ते दर ट्रेलला नव्याने जाहीर करतात. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला अरबी समुद्र, असे चारही दिशांना हात करून दाखवतात. माहीमचा कॉजवे १८४५ साली झाला, त्याआधी तिथून पलीकडे जायचं तर होडी, हे ऐकल्यावर नवखी मंडळी हळहळतात. रोज सकाळी आठच्या लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला होडी फार सुखाची वाटते. मग १७३७ साली मराठ्यांनी साष्टी पोर्तुगीजांकडून कशी घेतली आणि १७७४ साली ती इंग्रजांच्या हाती कशी गेली, हे येतं. १७७४ सांगताना ट्रेलकरांचा आवाज असा पडतो, की त्या व्यवहारात त्यांच्याच घरचं कोणी तरी फसलं असावं.

वेषाबद्दल थोडं सांगायला हवं. शेवाळी रंगाची, अठरा खिशांची पँट. त्या खिशांत काय असतं ते कोणी पाहिलेलं नाही. एकातून मात्र दर अर्ध्या तासाने खाकऱ्याचं पुडकं निघतं. गळ्यात दुर्बीण. खांद्यावर तोफेएवढी लेन्स लावलेला कॅमेरा, जो मुलाने अमेरिकेहून येताना आणला. ‘जंगलात मिसळून जाणारे कपडे घाला’ ही सूचना ते मनावर घेतात आणि मग मोबाइलचा आवाज बंद करायला विसरतात. सर्पगरुड कधी नव्हे तो जवळच्या फांदीवर बसलेला असतो आणि नेमक्या त्याच क्षणी अठरापैकी एका खिशातून गणपतीची आरती सुरू होते. कुठल्या खिशातून, हे सापडेपर्यंत दुसरं कडवं येतं.

ट्रेलकरांच्या पोटजाती उपनगरांप्रमाणे पडतात. बोरिवलीचा ट्रेलकर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला ‘आमचं पार्क’ म्हणतो. शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेल्या त्या जंगलाचं मुख्य दार त्याच्या स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, एवढ्यावरून मालकी सिद्ध झाली असं त्याला वाटतं. मुलुंडच्या ट्रेलकरचं म्हणणं असं, की दार तुमच्याकडे असेल, पण जंगल आमच्या खिडकीत आहे. एकच बिबट्या दोघांनी आपापल्या हद्दीतला म्हणून सांगितल्याचं मी ऐकलं आहे. अंधेरीचा ट्रेलकर आरेच्या जंगलाचा अभिमानी असतो. घाटकोपरच्या ट्रेलकरला जंगलाची हद्द लागत नाही, म्हणून तो थेपले आणतो. ट्रेलवर सर्वांत मान त्यालाच असतो.

सगळ्यांना नेणारी लीडर ही पंचविशीतली मुलगी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., राहणार डोंबिवलीपलीकडे, म्हणजे बेटाबाहेर. साडेसहाला दारावर हजर असायचं तर तिला किती वाजता उठावं लागत असेल, याचा हिशेब कोणी करत नाही. ती ‘काका, जरा हळू बोला’ म्हणते. काका हळू बोलतात; ते काय बोलतात तर आपण मुळात हळू का बोललं पाहिजे. ती एखादं झाड दाखवते आणि तोंड उघडते तोच ट्रेलकर त्याचं शास्त्रीय नाव सांगून मोकळे होतात. ते दहापैकी चार वेळा बरोबर असतं. उरलेल्या सहा वेळा ती फक्त हसते, कारण फी काकांनी भरलेली असते.

पक्ष्यांच्या बाबतीत ट्रेलकरांचं एक ठरलेलं वाक्य आहे: ‘मागच्या रविवारी दिसला होता.’ पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग मागच्या रविवारी दिसला होता. तिबोटी खंड्या मागच्या रविवारी अगदी इथे, या ओहोळावर बसला होता. स्वर्गीय नर्तक तर मागच्या रविवारी शेपटी सावरत समोरून गेला. आजच्या रविवारी आलेल्या नवख्याला साळुंकी, कोतवाल आणि तांबट दिसतात. तेही कमी नाही, पण मागच्या रविवारी न आल्याचं दुःख त्याच्या मनात घर करतं आणि पुढच्या ट्रेलचे पैसे तो तिथेच भरतो. आयोजकांनी ट्रेलकरांना खरं तर मानधन द्यायला हवं.

पक्षी पहिल्यांदा कोण पाहतो, हेही सांगतो. लीडरबरोबर जवळच्या पाड्यावरचा एक मुलगा असतो. पायात स्लिपर, गळ्यात काही नाही. तो नुसती मान वळवतो आणि हनुवटीने एक फांदी दाखवतो. मग बारा दुर्बिणी तिकडे वळतात, ‘कुठे, कुठे’ होतं, आणि पक्षी उडाल्यावर ट्रेलकर पुस्तक काढून त्या मुलाला पटवून देतात की त्याने पाहिला तो पक्षी या महिन्यात इथे येत नाही. मुलगा बरं म्हणतो. तो पक्षी रोज सकाळी त्याच्या घरामागच्या उंबरावर येतो, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कोणी कळवलेलं नसतं.

ट्रेलचा कळस म्हणजे बिबट्याची विष्ठा. २०१८च्या कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत या उद्यानात आणि भोवताली ४७ बिबटे नोंदले गेले. एवढ्या दाट वस्तीत एवढे बिबटे असलेलं दुसरं महानगर दाखवणं कठीण आहे. तरीही बिबट्या ट्रेलवर दिसत नाही. तो शहाणा आहे. बारा जण थेपल्यांसकट येताना त्याला अर्ध्या मैलावरून कळतात. मात्र पायवाटेवर तो आपली नोंद ठेवून जातो. ती सापडली की ट्रेलकर गुडघ्यांचं दुखणं विसरून उकिडवे बसतात, मोजपट्टी म्हणून शेजारी पेन ठेवतात, आणि आठ कोनांतून फोटो काढतात. काडीने उकलून ‘हे बघा, कुत्र्याचे केस’ असं प्रेमाने दाखवतात. यात त्यांचं चुकत नाही, कारण इथल्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं अभ्यासकांनी याच मार्गाने शोधलं आहे. माझी तक्रार एवढीच, की हेच ट्रेलकर ओला कचरा वेगळा करायची वेळ आली की नाकाला रुमाल लावून वहिनींना हाक मारतात.

कारवीचं प्रकरण निराळं. ती साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते. उद्यानात ती २०१६ साली फुलली, नंतर २०२४ साली फुलली. त्या वेळी सुनेच्या बाळंतपणासाठी ट्रेलकरांना न्यू जर्सीला जावं लागलं आणि जांभळे डोंगर हुकले. त्यांनी लीडरला २०३२ची जागा आतापासून धरून ठेवायला सांगितली आहे. आगाऊ रक्कमही देऊ केली. ती तोवर डॉक्टरेट करून बाहेरगावी गेली असेल, असं तिने सुचवून पाहिलं. ‘मग तुझ्या जागी जी येईल तिला सांगून ठेव,’ ट्रेलकर म्हणाले.

दुसऱ्या सत्रात ग्रामजीवन. आरेत सत्तावीस पाडे आहेत. तिथे वारली, मल्हार कोळी, कातकरी मंडळी राहतात, आणि १९४९ साली दुधाची वसाहत आली त्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. ट्रेलकर पाड्यात शिरताना चपला काढायच्या की नाहीत या संभ्रमात बाहेर उभे राहतात, मग कुडाच्या भिंतीवर हात फिरवून ‘काय गारवा आहे!’ म्हणतात. घरातली आजी त्यांना खुर्ची देते. तेवढी एकच असते. रानात वाघोबाचं ठाणं आहे. वारल्यांच्या या देवाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात, आणि बिबट्याच्या वाटेत उगाच आडवं जात नाहीत. ट्रेलकर हे सगळं वहीत लिहून घेतात. ‘माणूस आणि वन्यजीव यांचं सहजीवन’ याच्याखाली दोनदा रेघ ओढतात. आजी मध्येच विचारते, की साहेब महापालिकेतले का, कारण पाण्याच्या नळाचं काय झालं ते कोणीतरी सांगेल म्हणून ती थांबली आहे. ट्रेलकर निसर्गाच्या बाजूने आलेले असतात, त्यांना नळाचं काही सांगता येत नाही.

जेवणाला शेवळाची भाजी, कंटोळी, तांदळाची भाकरी. शेवळाने घशाला खाज येऊ नये म्हणून त्यात काकड घालतात, हे ऐकून ट्रेलकर इतके भारावतात की ताटाची ठरलेली रक्कम देऊन वर शंभर रुपये ठेवतात. याच आजीची सून पावसाळ्यात स्टेशनाबाहेर शेवळाच्या जुड्या घेऊन बसते. तिथे याच ट्रेलकरांना मी जुडीमागे पाच रुपये कमी करायला लावताना पाहिलं आहे. स्टेशनाबाहेर ती भाजीवाली असते, ग्रामजीवन नसते.

आता बुधवारचं सांगतो. ट्रेलकरांची सोसायटी जंगलाच्या कुंपणाला लागून आहे. ब्रोशरमध्ये ‘निसर्गाच्या कुशीत’ असं छापलेलं होतं आणि त्या कुशीचे चौरस फुटाला जादा पैसे त्यांनी मोजले होते. मंगळवारी रात्री दोन वाजून काही मिनिटांनी सीसीटीव्हीत एक बिबट्या दिसला. आला, ट्रेलकरांच्या गाडीच्या बॉनेटवर क्षणभर बसला, कचऱ्याच्या डब्यांशी जमलेल्या कुत्र्यांकडे पाहिलं आणि भिंत ओलांडून गेला. एवढ्या वर्षांच्या ट्रेलमध्ये जे घडलं नाही ते घरपोच घडलं होतं. बुधवारी संध्याकाळी तातडीची सभा भरली.

रविवारी हेच ट्रेलकर नवख्यांना सांगत असतात, की बिबट्याला पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय नव्हे. त्याने भानगडी वाढतात. पकडलेला बिबट्या घरी परतायला बघतो किंवा अनोळखी जागी बिथरतो, रिकाम्या जागेत दुसरा येऊन बसतो. २००४च्या सुमारास उद्यानाच्या भोवती माणसांवरचे हल्ले वाढले तेव्हा बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं होतं, हेही त्यांना पाठ आहे. कचरा उचला, दिवे लावा, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका, एवढंच करायचं असतं. सभेत यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही. पिंजरा लावण्याच्या अर्जावर पहिली सही त्यांची होती. सेक्रेटरींनी आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, ते जंगलातल्या बिबट्याबद्दल होतं.’

वनखात्याचे लोक आले. त्यांनी पिंजरा लावला नाही. आवारातला कचरा पाहिला, कुत्रे पाहिले, आणि ट्रेलकर रविवारी जे बोलतात तेच शब्दशः बोलून गेले. ट्रेलकरांनी फुटेज मात्र जपून ठेवलं आहे. त्यातून सोसायटीची भिंत आणि कचऱ्याचा डबा कापून त्यांनी ते ट्रेलच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं: ‘साष्टी बेट, पहाट.’ त्यावर सत्त्याऐंशी अंगठे आले.

तरीही मी म्हणेन की ट्रेलकर असलेले बरे. दर रविवारी जंगलात जाणारा माणूस निदान तिथे जंगल आहे की नाही हे बघून येतो, आणि हे बेट ज्या वेगाने बांधलं जात आहे ते पाहता हे काम कोणीतरी करायलाच हवं. तुम्हाला जायचं असेल तर साडेसहाला पोहोचा, पांढरे कपडे घालू नका, आणि ट्रेलकरांच्या मागे चालू नका. त्या स्लिपर घातलेल्या मुलाच्या मागे चाला. सोमवारी जाऊ नका. पार्क बंद असतं.