दुबईच्या ऐषआरामाची पूर्वतयारी

उष्ण प्रदेशात सुट्टी घालवायला निघालेल्या माणसाने सामानात सर्वप्रथम लोकरीचे कपडे ठेवावेत, हे विधान सकृद्दर्शनी तर्कदुष्ट वाटण्याचा संभव आहे. परंतु तो प्रदेश जर दुबई असेल आणि निघालेला माणूस जर मे महिन्यात सहकुटुंब निघालेला मराठी मध्यमवर्गीय असेल, तर याहून अनुभवसिद्ध विधान सापडणे कठीण.

दुबईचा पर्यटनाचा हंगाम स्थूलमानाने नोव्हेंबर ते मार्च असा मानला जातो. या काळात हवा सुखद असते, समुद्रकिनारी बसता येते, आणि म्हणूनच पंचतारांकित हॉटेलांचे दर असे असतात की हॉटेलात बसता येत नाही. एप्रिल सरला की पारा चाळिशी ओलांडतो, जुलै-ऑगस्टमध्ये तो त्याच्याही बराच वर रेंगाळतो, आखाताची दमट हवा त्यात आपली भर घालते, आणि हॉटेलांचे दर मात्र पाऱ्याच्या नेमक्या उलट दिशेने निघतात. महाराष्ट्रातील शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात येते, ही गोष्ट या संदर्भात निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जे ऐश्वर्य हंगामात परवडत नाही ते बिगरहंगामात आटोक्यात येते, अट एवढीच की खोलीबाहेर पडायचे नाही. खोलीचे भाडे भरलेले असल्यामुळे खोलीतच बसून ते वसूल करावे, हा विचार मराठी मनाला तत्त्वतः पटतो. परंतु सहलीच्या कंपनीला स्थलदर्शनाचेही पैसे दिलेले असल्यामुळे रोज सकाळी सातला बाहेर पडावे, हाही विचार त्याच मनाला तितकाच पटतो. पूर्वतयारीचा सारा खटाटोप या दोन वसुल्यांच्या कात्रीतून जन्माला येतो.

आता लोकरीकडे वळावे लागते. दुबईची रचनाच मुळी वाळवंटाविरुद्ध केलेली कायमस्वरूपी पूर्वतयारी आहे. तेथले पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातील क्षार काढून तयार केले जाते. ताडाच्या झाडाच्या आकाराचे जे बेट समुद्रात भराव घालून उभारले गेले, त्या पाम जुमेरासाठीसुद्धा सभोवतालची अमाप वाळू कामी आली नाही, कारण वाऱ्याने घासून गुळगुळीत व गोल झालेले वाळवंटी कण एकमेकांना नीट धरून राहत नाहीत, आणि त्यामुळे भरावाची वाळू समुद्राच्या तळातून उपसून आणावी लागली. वाळवंटात वाळूचीही वेगळी सोय करणाऱ्या शहराने उन्हाला दिलेले उत्तर त्याच मापाचे असावे हे ओघानेच आले. तेथले मॉल थंड, ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेली मेट्रो थंड, मेट्रोच्या स्थानकांपर्यंत नेणारे बंदिस्त पादचारी पूल थंड, रस्त्याकडेचे कित्येक बसथांबेसुद्धा दार लावून घेतलेले आणि थंड. आणि एवढ्यानेही ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी ‘मॉल ऑफ द एमिरेट्स’मध्ये २००५ पासून शून्याखालच्या तापमानात खरा बर्फ पाडला जातो, ज्यावर माणसे घसरतात आणि पेंग्विन फिरतात. तेथील प्रवेशिकेबरोबर जाड कोट आणि बूट मिळतात, पण मॉलच्या उरलेल्या विस्तारात ते मिळत नाहीत, आणि खरी सर्दी तेथेच होते.

मे महिन्यात गेलेल्या पर्यटकाचा वाळवंटी हवेशी येणारा संबंध मोटारीच्या दारापासून मॉलच्या दारापर्यंतचा असतो, आणि तेवढ्यात त्याच्या थंड पडलेल्या चष्म्यावर दमट हवेचे बाष्प धरून वाळवंट दिसायचे राहून जाते. म्हणून प्रत्येकी एक स्वेटर, सासूबाईंसाठी शाल आणि आजोबांसाठी कानटोपी, ही किमान सामग्री होय. यांपैकी कानटोपीस घरातील तरुण पिढीचा विरोध असतो, कारण ती छायाचित्रात येते. या विरोधाचे निराकरण ‘फक्त आत गेल्यावर घालायची’ अशा तडजोडीने केले जाते, परंतु दुबईत जे काही आहे ते बहुतेक आतच असल्यामुळे ही तडजोड पहिल्या दिवसाच्या दुपारपलीकडे टिकत नाही. छत्रीचा प्रश्न पूर्वी चर्चेतही नसे. १६ एप्रिल २०२४ रोजी मात्र संयुक्त अरब अमिरातीत नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचा सर्वाधिक पाऊस पडला, विमानतळावर पाणी साचले, विमाने रद्द झाली, आणि ‘असू द्यावी एक’ म्हणणाऱ्या घरोघरच्या पक्षाला आयुष्यभराचा पुरावा मिळाला.

अन्नाची तयारी हा या विषयाचा गाभा होय. पंचतारांकित हॉटेलात न्याहारीला डोळे दिपतील इतके पदार्थ मांडलेले असतात हे माहीत असूनही, किंबहुना माहीत असल्यामुळेच, मराठी कुटुंब निघण्याच्या पंधरवडाभर आधी तळणीला बसते. परक्या अन्नावर विसंबणे आणि परके अन्न न खाणे या दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच नामंजूर असतात; पहिलीत पोटाचा धोका असतो आणि दुसरीत पैशाचा. यातून निघालेला सर्वमान्य मार्ग असा, की न्याहारी हॉटेलात करावी, ती शक्य तितक्या उशिरा सुरू करून शक्य तितकी लांबवावी, तिच्यात दुपारचे जेवण सामावून घ्यावे, आणि रात्री खोलीत मेतकूट-भात करावा. भातासाठी लहान विजेचे भांडे न्यावे लागते. त्याच्या भारतीय प्लगचे गोल पाय तेथील भिंतीत जात नाहीत, कारण अमिरातीत ब्रिटिश धर्तीचे, म्हणजे तीन चपट्या आयताकृती पायांच्या प्लगसाठी केलेले सॉकेट असते; मध्ये बसवायचा जोडप्लग, ज्याला व्यवहारात अडॅप्टर म्हणतात, तो इथल्या विजेच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळतो, विमानतळावर त्याच्या अनेक पटींनी मिळतो, आणि हॉटेलच्या स्वागतकक्षात मागितल्यास बहुधा फुकट मिळतो. तथापि मागितल्यास ‘तुम्हाला तो कशासाठी हवा’ असा प्रश्न येईल आणि भाताचे बिंग फुटेल, या भयाने तो विकतच घेतला जातो.

दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांपुढे याहून गंभीर प्रश्न असतो, आणि तो खसखशीचा. खसखस हे अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे अमिरातीचा कायदा तिला स्वयंपाकाचा जिन्नस न मानता अंमली पदार्थांच्या पंक्तीत बसवतो. ती नेण्यास तेथे मनाई आहे, आणि खसखशीपायी प्रवासी अडकल्याच्या बातम्याही येऊन गेलेल्या आहेत. ज्या संस्कृतीत अनारसा खसखशीवर थापल्याशिवाय अनारसा होत नाही, करंजीच्या सारणात ती असते, डिंकाच्या लाडवात असते आणि एखाद्या घरी मटणाच्या वाटणातही असते, त्या संस्कृतीतील गृहिणीला ही बातमी प्रथम थट्टाच वाटते. आजींना ती सांगितल्यावर ‘मग तिथले लोक अनारसे कशावर थापतात’ असा प्रतिप्रश्न येतो आणि चर्चा निष्फळ ठरते. तीळ लावण्याची सूचना सहसा सुनेकडून येते व तेवढ्यामुळेच फेटाळली जाते. अखेरीस अनारसे घरी राहतात, करंज्या आतील सारणाविषयी खात्रीलायक साक्ष देणारे कोणी नसल्यामुळे राहतात, आणि चकली, जिच्या चारित्र्याविषयी कोणत्याही देशाला शंका नाही, ती तेवढी पुढे जाते.

सुक्या खोबऱ्याची कथा याहून चमत्कारिक आहे, कारण त्याला हरकत दुबईची नसून विमानाची असते. खोबऱ्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते, आणि भारतीय विमानतळांवर विमानाच्या पोटात जाणाऱ्या खालच्या सामानात त्याला बंदी आहे. नारळाच्या आख्ख्या वाट्या नेण्याचे कोकणातून निघालेल्यांचे स्वातंत्र्य अशा रीतीने मुंबईतच संपते. लोणचे मात्र खालच्या सामानात जाऊ शकते. ते तीन पिशव्यांत गुंडाळून, रबराने बांधून, घरातील ज्या सदस्याच्या कपड्यांविषयी इतरांना फारशी आस्था नाही त्याच्या बॅगेत ठेवले जाते. या सर्व कायदेशीर गदारोळात मेतकूट तेवढे निष्कलंक राहते. दुबईच्या करामा आणि मीना बाजार या भागांत वडापावापासून थालीपीठापर्यंत भारतीय पदार्थ मिळू शकतात, हे खरे असले तरी निघण्यापूर्वी घरात सांगण्यासारखे नाही.

कागदपत्रांविषयी फार सांगण्याजोगे नाही. पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक उरलेली असावी, व्हिसा आधी काढावा, आणि कोडीनसारखे गुंगी आणणारे द्रव्य असलेली खोकल्याची वा वेदनेची औषधे पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नयेत. दूरध्वनीचा मुद्दा मात्र मनाला लागणारा आहे. अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यावर निर्बंध असल्यामुळे व्हॉट्सॲपवरून संदेश आणि छायाचित्रे जातात, पण बोलणे व चेहरा दिसणे सहसा होत नाही. म्हणजे डोंबिवलीतील मोठ्या वन्संना हॉटेलचे स्नानगृह थेट प्रक्षेपणाने दाखवण्याचा जो बेत असतो तो छायाचित्रांवर भागवावा लागतो. त्यातही अनोळखी व्यक्तींचे त्यांच्या संमतीविना छायाचित्र घेणे तेथे गुन्हा ठरू शकतो, म्हणून गर्दीच्या ठिकाणी चौकट रिकामी होण्याची वाट पाहत उभे राहण्याचा सराव आधी दादर स्थानकावर केलेला बरा.

पैशाची तयारी ही मुख्यतः गणिताची तयारी असते. एके काळी या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चालत असे. १९५९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर दुबईने तो सोडला, आणि १९७३ मध्ये दिरहम आला, जो आज एका अमेरिकन डॉलरला ३.६७२५ या दराशी बांधलेला आहे. तात्पर्य, १९६५ साली तेथे गेलेल्या मराठी माणसाला गुणाकार करावा लागला नसता. आजच्या माणसाला तो प्रत्येक वस्तूपाशी करावा लागतो, आणि खरा दर रोज हलत असला तरी सोयीसाठी पंचवीसचा पाढा वापरला जातो. या पाढ्याने पाण्याची बाटली, चहा आणि हॉटेलात दर खोलीमागे दर रात्री वेगळा आकारला जाणारा पर्यटन-दिरहम, जो पंचतारांकित हॉटेलात २० असतो, यांची क्रमाने विटंबना होते. ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफात १२४ व्या मजल्याच्या आणि १४८ व्या मजल्याच्या सज्जांची तिकिटे वेगळी असतात. तेथे दोन्हींच्या किमतींतील फरकाला २४ ने भागून वरच्या मजल्यांचा दरमजली भाव काढला जातो, तो महाग ठरतो, आणि ‘ढग असले तर वरून काही दिसत नाही’ या निष्कर्षावर सर्वांचे एकमत होते. या सर्व जखमांवर फुंकर घालणारी वस्तू म्हणजे अबरा, अर्थात देरा आणि बर दुबई यांच्यामधली खाडी ओलांडणारी उघडी लाकडी होडी, जिचे भाडे एक दिरहम आहे. सहलीहून परतलेल्या माणसाकडून बुर्ज खलिफापेक्षा या होडीचे वर्णन अधिक वेळ ऐकावे लागते.

प्रत्यक्ष ऐषआरामाला, म्हणजे ज्यासाठी हा सर्व खटाटोप आहे त्याला, तयारी अशी थोडीच लागते. १९९९ मध्ये सुरू झालेले शिडाच्या आकाराचे बुर्ज अल अरब हे हॉटेल सप्ततारांकित म्हणून प्रसिद्ध आहे, जरी तारे देण्याच्या अधिकृत पद्धतीत पाचाच्या पुढे मोजणी जात नाही आणि वरचे दोन तारे वर्तमानपत्री उत्साहातून आलेले आहेत. तेथे आगाऊ आरक्षणाशिवाय आत सोडत नसल्यामुळे त्याचा उपभोग शेजारच्या सार्वजनिक किनाऱ्यावरून, ते शीड दोन बोटांच्या चिमटीत पकडल्याचे छायाचित्र काढून घेतला जातो, आणि त्यासाठी केवळ चिमटीची स्थिरता लागते.

वाळवंटाशी खरी गाठ पडते ती एकाच संध्याकाळी, जेव्हा सहलीची जीप वाळूच्या टेकड्यांवरून उधळली जाते. टेकड्या सुरू होण्यापूर्वी चालक खाली उतरून चाकांतील बरीचशी हवा सोडून देतो, कारण मऊ पडलेले चाक वाळूवर अधिक पसरते आणि रुतत नाही. परंतु हा कार्यकारणभाव ठाऊक नसलेले काका ‘पंक्चर करतोय की काय हा’ म्हणून त्याच्याशी हिंदीत वाद घालतात, आणि चालक बहुधा पेशावरकडचा असल्यामुळे वाद दोन्ही बाजूंना नीट समजतो. या सफरीपूर्वी पोट हलके ठेवण्याची सूचना लेखी दिलेली असते. त्याच दिवशी सकाळी न्याहारीत दुपारचे जेवण सामावून घेण्याचे तत्त्व अमलात आलेले असल्यामुळे सूचनेचे महत्त्व तिसऱ्या टेकडीवर पटते. त्यानंतर तंबूत जो घेरदार तनुरा नाच दाखवला जातो तो मूळचा इजिप्तचा असतो, ही माहिती त्या अवस्थेतील प्रेक्षकांना देऊ नये.

शेवटची तयारी सोन्याची. देराच्या सोन्याच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, सोन्याचा भाव दररोज जाहीर होतो आणि घासाघीस केवळ घडणावळीवर चालते, हे बहुतेक मराठी स्त्रियांना निघण्यापूर्वीच माहीत असते. पुरुषांना माहीत असते ते हे, की पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम दागिने बिनशुल्क आणण्याची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे, पाच रात्रींच्या सहलीसाठी नाही. शिवाय येथून अंगावर घालून नेलेले दागिने परत येताना नवे ठरू नयेत, यासाठी निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून त्यांचा दाखला करून घ्यावा लागतो. या कटकटीपेक्षा दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जावे असे ठरते, आणि मग लॉकरची किल्ली कोणाकडे द्यावी हा प्रश्न निघण्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता उपस्थित होतो. थोरल्या जावेकडे दिली तर धाकटीला वाईट वाटते, धाकटीकडे दिली तर थोरलीला कळते, घरात ठेवली तर चोर येतो. शेवटी ती एका लहान पिशवीत घालून, कोणाच्याही मनात येणार नाही अशा जागी, म्हणजे मेतकुटाच्या डब्यात ठेवली जाते आणि तो डबा दुबईला जातो.