सौंसरचे रायकर

नागपूरहून सौंसरला जायला दोन वाटा आहेत. सावनेरवरून बस, नाहीतर इतवारीहून रेल्वे. माझे मामा सौंसरला राहत असल्यामुळे मला मात्र रेल्वेनेच जावं लागतं, कारण पोचल्यावर जबानी द्यायची असते. गाडी केळोदला किती वेळ उभी होती? लोधीखेड्याला कोणी उतरलं का? गार्ड झेंडी दाखवून राहिला होता, का मोबाईल पाहून राहिला होता?

मामा स्वतः याच लाइनीवर गार्ड होते. तेव्हा दोन रुळांत 762 मिलिमीटर अंतर होतं, आता 1676 आहे. एवढी रुंद गाडी येऊनही मामा अजून तिच्यात बसलेले नाहीत. 'ड्रायव्हर गाडी ओढते, चालवते गार्ड,' हा त्यांचा सिद्धांत. 2022 मध्ये रेल्वेने गार्डाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत असं मामी सांगते. मामांच्या मते मॅनेजर बँकेत असतो, नाहीतर लॉजवर.

या वेळी मात्र जबानी झालीच नाही. मी ओसरीवर चपला काढतोय तोवर मामांनी मला आत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"उद्या दोघं येऊन राहिले," ते हळूच म्हणाले. "मीटर बदलाले."

"मग येऊ द्या ना मामा."

"दोघंच काहून? एका मीटरले दोन मान्सं?"

या प्रश्नाचा उगम मला रात्री समजला. उन्हाळ्यात नातू आला होता आणि जाताना टीव्हीवर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका लावून द्यायला शिकवून गेला. तिच्यात 1988 सालचा एक भाग आहे. अंतराळयान दुरुस्तीसाठी एका तळावर लागलेलं असतं. यानाचा कॉम्प्युटर सुधारायला बायनर नावाचे परग्रहावरचे तंत्रज्ञ येतात. ते नेहमी जोडीने असतात. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं. यानावरच्या रायकर नावाच्या अधिकाऱ्याला त्यांचा संशय येतो, पण त्याला एका देखण्या, नकली बाईच्या नादी लावून ठेवतात आणि तेवढ्यात अख्खं यान पळवतात.

"रायकर म्हंजे गोव्याकडचा असंल," मामा म्हणाले. "मानूस हुशार. पन बाई दिसली आन् ड्युटी इसरला. त्याच्या जागी मी असतो तं—"

आतून मामी नुसतं "हं" म्हणाली.

मी हसलो. पण मामांच्या संशयाला मालिकेपेक्षा जुनं कारण आहे. छोट्या लाइनीच्या अखेरच्या दिवसांत अशीच काही मंडळी टेप आणि दुर्बीण घेऊन आली होती. 'सिर्फ नाप रहे हैं, साहब,' म्हणाली. मामांनी त्यांना आपल्या ब्रेकव्हॅनमध्ये बसवून चहा पाजला. 2015 च्या अखेरीला गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले. तेव्हापासून मामांचा नियम पक्का आहे : मोजाले आलेला मानूस नुसता मोजून जात नाई.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर या मुलखाचा इतिहास मामांच्या बाजूने साक्ष देतो. इथे यंत्र घेऊन, परकी भाषा बोलत आलेल्यांची रांगच लागलेली आहे. लॅम्टन नावाचा इंग्रज अर्ध्या टनाचं थिओडोलाइट बैलांवर, माणसांवर लादून कन्याकुमारीकडून हिंदुस्थान मोजत वर आला, आणि 1823 मध्ये इथून दक्षिणेला हिंगणघाटात वारला. त्याच्या मागून एव्हरेस्टने ती मोजणी पुढे सातपुड्यापार नेली. हा तोच, ज्याचं नाव पुढे त्याने न चढलेल्या शिखराला मिळालं. त्या काळी दुर्बिणीतून बघणारा गोरा साहेब डोंगरावर काय करतो, असं विचारणाऱ्या गावकऱ्यांना अडाणी म्हणायची पद्धत होती. मोजणी पुरी झाल्यावर नकाशा कोणाच्या हातात गेला, हे पाहिलं तर अडाणी कोण होतं ते सांगणं अवघड आहे. मग फर्मर नावाचा भूवैज्ञानिक हातोडी घेऊन आला. त्याने इथल्या मँगनीजवाल्या खडकांना सौंसरचंच नाव दिलं, म्हणून आज भूगर्भशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सौंसर पाठ करतो आणि सौंसर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. 1956 मध्ये दिल्लीच्या नकाशावर रेघ पडली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि घरात मराठी बोलणारं सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. 2023 मध्ये पुन्हा रेघ पडली. छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि मामा घरातून न हलता तिकडे बदली होऊन गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे हाणणाऱ्यांच्या जिल्ह्यात आलो, याचा त्यांना थोडा अभिमानही आहे.

सकाळी ते आले. दोघेच. सारखी जाकिटं, सारखे बूट. एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याच्या काखेत खोका.

"बाबूजी, पुराना मीटर—"

"—निकालकर नया लगेगा."

"पैसा—"

"—नहीं लगेगा."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाही क्षणभर घाम फुटला.

ओळखपत्रं उजेडात धरून तपासून झाली. रजिस्टरमध्ये आगमनाची वेळ लिहिली गेली. मग उलटतपासणी.

"नापने कौन आएगा?"

"कोई नहीं, बाबूजी. मीटर खुद—"

"—हर पंद्रह मिनट में भेजेगा."

"और बिल नहीं भरा तो काटने कौन आएगा?"

"वो भी वहीं से—"

"—अपने आप."

मामा खुर्चीत बसले. आजवर मोजणारा निदान दारात यायचा. त्याला अडवता यायचं, चहा पाजून बोलतं करता यायचं. आता तोही येणार नव्हता.

मामीला या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. तिने दोघांपुढे तर्री घातलेले पोहे ठेवले आणि वर बागेतली संत्री. खाताना कळलं की एक गोरखपूरकडचा, दुसरा देवरियाचा, घर सोडून कित्येक महिने झालेले. मीटर बसला, दिवा लुकलुकला, आणि मग खरा पेच आला. टॅबला नेटवर्क नव्हतं. फोटो वर चढल्याशिवाय काम झाल्याची नोंद होत नव्हती.

"बाबूजी, आपका हॉटस्पॉट—"

"—दो मिनट के लिए."

मामा ताडकन उठले. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, "पाह्यलं? बायनरइनंबी हेच केलं होतं. त्याइच्या ग्रहाची समदी माहिती यानात भरली होती."

"पण मामा, ते यान चोरून का नेतात? विचारलं तर नाही म्हणतील या भीतीने. हे तर विचारून राहिले."

मामा विचारात पडले. रीतसर अर्ज आला की गार्डाला तो फेटाळता येत नाही. त्यांनी हॉटस्पॉट दिला, पण घड्याळ हातात धरून शेजारी उभे राहिले आणि फोटो चढेपर्यंत टक्के मोठ्याने वाचत राहिले. शंभर झाल्यावर हात वर केला. शिटी तेवढी राहिली. दोघे तिथून जामसावळीला दर्शनाला गेले. तिथला हनुमान पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे.

"तो निजला हाये म्हनून फावते याइचं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामीने माझ्याकडून आपल्या फोनवर मीटरचं ॲप टाकून घेतलं. मीटर दर पंधरा मिनिटांचा हिशेब चोख देत होता. दिवसभर सपाट रेघ, संध्याकाळी थोडी चढण, आणि रात्री दीड ते दोनच्या मध्ये एकदम डोंगर. मामीने चष्मा वर केला.

"अवो, रात्री दीड वाजता शेगडी कोन पेटवते? आन् हे खालचं बारीक बारीक, तीनपर्यंत, टीव्ही हाये का?"

डॉक्टरांनी मामांचा साखरेचा चहा बंद केल्याला बरेच दिवस झाले होते. मामा उठले, चष्मा लावून नव्या मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हटलं होतं ना तुले," ते म्हणाले, "हेर हायेत हे."