दिवसाची झोप, सदाशिव पेठ

कॉल सेंटरमध्ये होते असं सांगितलं की लोक हळहळतात. "बाई गं, रात्र रात्र जागायचीस!" जागण्याचं काही नाही हो. जागायला पगार मिळतो, गार हवा मिळते, कॉफीचं मशीन असतं, आणि डुलकी लागलीच तर कानात ओहायोतला कोणीतरी ओरडत असतो. अवघड काम दिवसा झोपण्याचं. त्यातही सदाशिव पेठेतल्या वाड्यात.

पहाटे साडेचारला गाडी मला टिळक रस्त्यावर सोडायची. पाचला अंथरुणाला पाठ टेकावी, तर साडेपाचला नळाला पाणी. पालिकेचं पाणी आलं की आमच्या वाड्यात बादल्या, कळश्या आणि जुनी वैरं एकदमच बाहेर निघत. सातला वरच्या मजल्यावरच्या आजोबांचं आकाशवाणी पुणे केंद्र. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळ्या वाड्यासाठी लागायचं. मग कुकर. प्रत्येक बिऱ्हाडाच्या तीन शिट्ट्या, आणि कोणाची वेळ कोणाशी जुळत नाही. मग भंगारवाला. मग "झोपलीय का अजून?" असं कुजबुजत, म्हणजे पलीकडच्या बोळात ऐकू जाईल इतपतच कुजबुजत, विचारणाऱ्या शेजारच्या काकू.

एक वाजला की मात्र पेठ मिटायची. पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात यावर उभ्या महाराष्ट्रानं विनोद करून घेतलेत. मी त्यावर कधी हसले नाही. त्या तीन तासांच्या जिवावर माझी नोकरी चालली होती. २०१७ साली चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, तेव्हा त्याची वर्तमानपत्रात बातमी झाली. मी तोवर दिवसाच्या नोकरीत स्थिरावले होते, तरी घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं.

तसं पाहिलं तर रात्रपाळी आमच्या घरात नवी नव्हती. बाबा पिंपरीच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करायचे. त्यांची तिसरी पाळी असली की आई चमचा वाजू द्यायची नाही. मिक्सर बंद, रेडिओ बंद, आम्ही पोरं अंगणात हाकललेली, आणि अंगणातही पकडापकडी मुक्यानं. "बाबा रात्रपाळी करून आलेत" एवढं म्हटलं की शेजारच्या काकूसुद्धा गप्प बसत. तीच रात्रपाळी मी करून आले की "दोन दोन वाजेपर्यंत लोळते". वर बाबांकडे कायदा होता. १९४८च्या कारखाना कायद्यात ६६ वं कलम होतं, त्यानुसार बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला लावायला बंदी होती. हे कलम ते मला जेवताना वाढायचे. पण आमच्याकडे यंत्र म्हणाल तर कानावरचा हेडफोन. तेवढ्यावर काही कारखाना ठरत नाही.

ऑफिसात माझं नाव मेगन. अमेरिकन माणसाकडून मृण्मयी म्हणवून घ्यायचं तर एएचटीचं वाटोळं. एएचटी म्हणजे एक कॉल निपटायला सरासरी किती वेळ घेता तो आकडा. आमच्याकडे पत्रिकेच्या जागी तो बघायचे. फ्लोअरवर मेगन, टीमलीडरच्या तोंडी मेगन, आणि पिकअपच्या यादीतही मेगनच. एका संध्याकाळी नवा ड्रायव्हर आला. नगरकडचा होता, गरीब बिचारा. दिंडी दरवाजात उभा राहून त्यानं तळमजल्यावरच्या काकांना विचारलं, "मेगन मॅडम इथंच राहतात ना?"

काकांनी अडकित्ता खाली ठेवला. "इथं सभ्य माणसं राहतात," ते म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस ही मेगन नक्की कोणाकडे येते याचा वाड्यात तपास चालला होता. दोन बिऱ्हाडांतल्या तरुण मुलांना विनाकारण बोलणी बसली. मी गप्प राहिले. मला झोप हवी होती.

आईचं आणि अमेरिकेचं भांडण मार्चात व्हायचं. २००७ पासून ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजले की हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. म्हणजे एका रविवारनंतर माझी शिफ्ट, गाडी, आंघोळ, डबा, सगळंच तासभर अलीकडे. "त्यांनी घड्याळ पुढं ढकललं म्हणून मी कणीक आधी भिजवायची?" आईनं विचारलं. तिला समजावताना मी सांगून बसले, की ॲरिझोना राज्यात बहुतेक लोक घड्याळाला हातच लावत नाहीत. वर्षभर एकच वेळ. तेव्हापासून तिच्या मनात ॲरिझोनाबद्दल आदर आहे. तिकडचं स्थळ आलं तर बघायला हरकत नाही, असंही म्हणाली.

स्थळं इकडचीच आली. बघण्याचा कार्यक्रम दुपारी चारला ठेवावा लागे. मुलाकडची मंडळी कांदेपोहे शिष्टाचार म्हणून चिवडत, आणि मी आत्ताच उठलेली असल्यानं दुसऱ्यांदा मागून घेत असे.

ऑफिसात कधी उठायचं हे मात्र माझ्या हाती नव्हतं. टीमलीडरच्याही नव्हतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग नावाचा गणितज्ञ होता, त्यानं १९१७ साली ते ठरवून ठेवलं होतं. तासाला इतके फोन येतात, प्रत्येक इतकी मिनिटं चालतो, तर लोक फार ताटकळू नयेत म्हणून किती माणसं बसवायची? त्याची सूत्रं कॉल सेंटरं अजून वापरतात. आमचा धर्म ऐंशी-वीस: शंभरातले ऐंशी फोन वीस सेकंदांच्या आत उचलायचे. या गणिताची खोच अशी, की माणसं जेमतेम पुरत असताना त्यातले चार-दोन जण चहाला उठले तर रांग थोडीशी वाढत नाही, भडकते. म्हणून चहाला वेगळा कोड, जेवणाला वेगळा, आणि निसर्गाच्या हाकेला 'बायो'. तो कोड जरा जास्त वेळ लागून राहिला की टीमलीडर दारापर्यंत शोधत यायचा. मी आणि संडास यांच्यामध्ये एक डॅनिश गणितज्ञ उभा होता.

आमची प्रोसेस केबल टीव्हीची. "टीव्ही दिसत नाही" असा फोन आला की निम्म्या वेळा प्लगच लावलेला नसतो. पण तसं विचारायची सोय नाही, माणूस भडकतो. म्हणून म्हणायचं, "सर, प्लग काढून, पिनांवरची धूळ पुसून पुन्हा घट्ट बसवता का?" पलीकडे शांतता, खुडबुड, आणि मग एकदम दिलदार आवाजात, "हो हो, धूळच होती!" दुसऱ्याची इज्जत राखून त्याला त्याचा गाढवपणा दाखवण्याची ही विद्या मला सासरी फार उपयोगी पडली.

सुट्ट्या अर्थातच त्यांच्या पंचांगानं. चार जुलैला आराम, लक्ष्मीपूजनाला लॉगिन. पण नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला अख्ख्या वाड्यात पहिला नंबर माझा असायचा. झोपलेलंच नसलं की लवकर उठणं सोपं जातं.

मग एके दुपारी, सव्वादोनला, दार वाजलं. एक ते चारच्या मध्ये! दारात तळमजल्यावरचे काका, हातात मोबाइलचं बिल. न मागितलेल्या कुठल्याशा हॅलो ट्यूनचे तीस रुपये दर महिन्याला लागत होते. "तू त्यातलीच ना," ते म्हणाले, "बोल जरा त्यांच्याशी."

मी फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, बासरी ऐका. शेवटी एक मुलगा आला आणि ठरलेल्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, क्या मैं आपको दो मिनिट होल्ड पे रख सकता हूँ?"

"ठेवा," मी मराठीत म्हटलं, "पण म्यूट दाबा. शेजारच्याशी काय बोलताय ते ऐकू येतंय."

पलीकडे चिडीचूप. मग अगदी वेगळ्या आवाजात, "मॅडम, तुम्ही कुठल्या प्रोसेसला?"

पुढे आम्ही त्याची शिफ्ट, त्याचा टीमलीडर, कँटीनमधली उसळ आणि रखडलेलं इन्क्रिमेंट यांवर बोललो. त्या दिवशीच्या त्याच्या एएचटीवर पाणी पडलं असणार. काका उंबऱ्यात एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभे. ट्यून बंद झाली, पैसेही परत मिळणार होते. ठेवता ठेवता तो अजिजीनं म्हणाला, "मॅडम, आता फीडबॅकचा मेसेज येईल. पाचपैकी पाच द्या ना, प्लीज."

"काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

"काम झालं. पाचपैकी पाच मार्क द्या म्हणतोय."

काकांनी चष्मा वर सरकवून बिल पुन्हा एकदा वाचलं.

"पाच कशाला? वेळ किती घेतला! तीन दे."