तीन किडे आणि शिवराक श्रावण

दीर्घायुष्यासाठी चीनमधल्या ताओपंथी साधकांनी जे सोडलं त्यात पहिला मान धान्याचा. या साधनेला ते बीगू म्हणत. माणसाच्या डोक्यात, छातीत आणि पोटात एकेक किडा असतो, तो धान्यावर पोसतो आणि दर साठ दिवसांनी, माणूस झोपला की, वर जाऊन त्याच्या चहाड्या सांगतो. मग वरून आयुष्याचे दिवस कापतात. म्हणून धान्य बंद, आणि त्या रात्री झोपही बंद. जागरणाचं मालवणी माणसाला काय सांगता! उजाडेपर्यंत दशावतार बघणाऱ्याच्या अंगातला किडा चहाडी विसरून संकासुराला हसत बसेल.

धान्यावर संशय आपणही घेतला आहेच. एकादशीला पाप धान्यात जाऊन बसतं, अशी कथा आहे. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणे हे तिघेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे, त्यामुळे पापाला त्यांचा पत्ता सापडला नसावा. ताओपंथी बिचारे तीळ नि पाइनच्या बियांवर दिवस काढायचे. त्यांच्यातल्याच गे होंग या चौथ्या शतकातल्या पंडिताने लिहून ठेवलंय की धान्य सोडल्याने धान्याचा खर्च तेवढा वाचतो, नुसत्या त्याने कोणी चिरंजीव होत नाही. आमची उपासाची यादी वाण्याकडे गेली की तोही वाचत नाही.

मालवणात खरी तपश्चर्या भाताशी नाही, माशाशी. श्रावणात घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. मग काळ्या वाटाण्याचं सांबार होतं: खोबरं लालसर भाजायचं, कांदा परतायचा, पाट्यावर गंधासारखं वाटायचं. मटणाच्या सागोतीचंच वाटप ते! डोळे मिटून जेवलं तर व्रत मोडल्यासारखं वाटतं, म्हणून बरेच जण डोळे मिटूनच जेवतात.

जून-जुलैत समुद्राचाही उपास असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. माशांचा विणीचा हंगाम. पुढे नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ वाहिला जातो, होड्या सुटतात, टोपल्या भरतात. घोळ असा की ही पौर्णिमा ऐन श्रावणाच्या मध्यावर. समुद्राने उपास सोडला, तरी घरातल्या देव्हाऱ्याने सोडलेला नसतो.

‘‘काकी, श्रावण संपाक अजून पंधरा दिस आसत,’’ गिऱ्हाईक टोपलीपाशी रेंगाळत म्हणतं.

‘‘मगे? बांगड्यांका तां खंय म्हायत?’’