बाराचाकी गृहस्थाश्रम

भिवंडीजवळच्या वडपे नाक्यावर उस्तादाला, म्हणजे ट्रकच्या ड्रायव्हरला, ओळखायला लायसन्स बघावं लागत नाही. ज्या ट्रकच्या एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंत दोरी बांधलेली असते आणि तिच्यावर बनियन, लुंगी, टॉवेल रांगेत वाळत असतात, त्या ट्रकचा तो मालक नसतो, पण कर्ता पुरुष नक्की असतो.

मुंबई–नाशिक महामार्गाच्या या टोकाला गोदामांची दाटी आहे. माल इथवर वेळेत येतो. उतरायला मात्र नंबर लागतो. ‘आज होईल,’ असं गेटवरचा वॉचमन सांगतो. कुठल्या आज, ते सांगत नाही. तोवर उस्ताद आणि क्लीनर गाडीतच राहतात. नळ नाही, मोरी नाही, संडास नाही. अमेरिकेत लोक हौसेनं आरव्ही, म्हणजे राहायच्या सोयीची गाडी, घेऊन असंच रानात राहतात. त्यांच्या गाडीत चांगल्या पाण्याची एक टाकी, सांडपाण्याची दुसरी आणि मैल्याची तिसरी असते. हे उस्तादाला सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग माल कुठं भरतात?”

त्याची स्वतःची एकच टाकी. चासीला बाजूनं आवळलेला प्लास्टिकचा कॅन, खाली तोटी. तोटीवर हुकमत उस्तादाची. क्लीनरनं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ताटं विसळायची, ताटांच्या पाण्यानं डाळीचं पातेलं भिजवायचं, आणि पातेल्याचं पाणी समोरच्या काचेवरच्या किड्यांवर मारायचं. एक तांब्या पाणी त्याच्याकडे चार नोकऱ्या करतं आणि तरी रिटायर होत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही बातमी त्याला सांगितली. त्याची गाडी जुनी, पण तो हरखला. “एसीतनं दिवसाला पाणी किती गळतं हो?”

मुंबईला जाणारं बरंचसं पाणी याच भिवंडी तालुक्यात, पांजरापूरला शुद्ध होतं आणि अजस्र नळांतून पुढं जातं. उस्तादाचा या व्यवस्थेवर एकच आक्षेप आहे: “त्या नळात माणूस उभा राहील, पण तोटी कुठं नाही.” म्हणून तो गोदामं नावानं लक्षात ठेवत नाही. ‘गोड्या पाण्याचं’, ‘खाऱ्या बोअरचं’, ‘वॉचमन शिव्या देतो ते’ अशी त्याची वर्गवारी आहे, आणि मालक भाडं घेताना ती विचारात घेत नाही याचं त्याला खरंच वाईट वाटतं.

धुण्याचं शास्त्र मात्र त्यानं पूर्णत्वाला नेलंय. रंगाचा झाकणाचा डबा, त्यात पाणी, पावडर आणि कपडे. डबा केबिनमागं रबरी दोरीनं टांगायचा. नाशिकला झाकण लावलं की कसारा घाट कपडे घुसळतो आणि वडप्याला नुसतं पिळायचं उरतं. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली ट्रकवर खोली बसवून देश बघायला निघाला, तेव्हा त्यानंही झाकणाची बादली अशीच लवचीक दोरीला टांगून कपडे धुतले होते. उस्तादाला नोबेल मिळालेलं नाही, एवढाच फरक.

पण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि या शास्त्रावर संकट आलं. घाटाला बगल देणारा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा, गुळगुळीत रस्ता, पोटातलं पाणी हलत नाही. डब्यातलंही हलत नाही. कपडे आमण्याला जसेच्या तसे मळके उतरतात. सुदैवानं वडपे ते माजिवडा रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललंय. पुढचा माल ठाण्याचा असला की कॉलरचे डागसुद्धा निघतात.

उरला तिसऱ्या टाकीचा विषय. पहाटे अंधारात, हातात बाटली घेऊन. पंपावर संडास असतो, त्याला कुलूप असतं, किल्ली मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर जेवायला गेलेला असतो. मोकळं शेत होतं तिथं शेड उभी राहते, आणि दर नव्या शेडमागं उस्तादाला आणखी शंभर पावलं चालावं लागतं. या भागाचा विकास त्यानं असा पावलांत मोजलाय. कचऱ्याच्या बाबतीत मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. केबिनमध्ये चप्पल घालून चढलात तर तो खवळतो, देवाच्या फोटोला रोज हार घालतो, आणि कालचा हार, गुटख्याची पुडी, दुधाची पिशवी सगळं खिडकीबाहेर. त्याचं घर दरवाजाशी संपतं.

रात्री घरून व्हिडिओ कॉल येतो. “अहो, अंघोळ झाली का?” उस्ताद लगेच फोन उचलून वाळत घातलेला टॉवेल दाखवतो. टॉवेल ओला आहे का, हे फोनवर कळत नाही.

ज्यांची वडप्याला गोदामं आहेत त्यांना एवढंच सांगणं. गेटाबाहेर एक नळ आणि आतून कडी लागणारे दोन संडास बांधा. लाख चौरस फुटांत तेवढी जागा निघते. पैसे ठेवलेत तरी उस्ताद देईल. हुज्जत घालून देईल, पण देईल.